सुमनच्या मनगटाचं माप

सुमनला पाठवायच्या चटणीसाठी जवस भाजून मी कढई उतरवत होते, तेवढ्यात एटापल्लीहून फोन आला. तिच्या उपकेंद्रातला शिपाई बोलत होता. "ताई, आपली बाई गेली जी. ताप डोक्यात गेला. नाल्याले पूर होता, गाडी अल्याडच उभी राह्यली..." पुढचं मला ऐकू आलं नाही. चटणी मग केलीच नाही. जवस अजून डब्यात तसेच आहेत.

सई, निखिल, तुम्ही दोघं सातासमुद्रापलीकडे वाढलात, म्हणून सांगते. सुमन माझी धाकटी बहीण, तुमच्या बाबांची मावशी. एटापल्लीच्याही आत, जंगलातल्या एका गावात ती सरकारी नर्स होती. तेराव्याच्या दिवशी तुमच्या बाबांचा फोन आला आणि सई, तू मागून विचारलंस, "आजी, मावशीआजीचं ते पांढरं घड्याळ मला मिळेल?" मी उत्तर न देता फोन ठेवला. आज ते उत्तर लिहिते आहे. वर्तमानपत्राच्या पुरवणीतून लिहिते, कारण ते आणखी काही जणांनीही वाचावं असं मला वाटतं. मी रागात आहे, हेही आधीच सांगून टाकते.

घड्याळ तुमच्या बाबांनीच पाठवलं होतं, परदेशी नोकरी लागली त्या वर्षी. तिने मागितलं होतं साधंच, नाडी मोजायला सेकंदकाटा असलेलं. आलं ते सिरॅमिकचं, पट्ट्यासकट दुधासारखं पांढरं, मखमली डबीत. सोबत चिठ्ठी : याच्यावर कधीही ओरखडा पडणार नाही. मी म्हटलं, "सुमन, हे कपाटात ठेव. लग्नकार्याला घालशील." ती म्हणाली, "काऊन? कपाटात कोनाची नाडी पाहू मी?"

आणि तिने ते रोज वापरलं. हातपंपावर, सायकलवर, डोंग्यातून नाला ओलांडताना. तिकडच्या बायांना ते जत्रेतलं प्लास्टिकचं वाटायचं. एकीने तर खरंखोटं करायला ते पाट्यावर घासून पाहिलं. पाट्यालाच पांढरट रेघ उमटली, घड्याळाला काही झालं नाही.

बाळंतपणात तिची एक रीत होती. कळा देणाऱ्या बाईची सासू फार मधे मधे करते, पोट दाबू पाहते. सुमन आत शिरली की मनगटावरचं घड्याळ काढून त्या सासूच्या हाती द्यायची. "हे धर बुडे, लई महागाचं आहे. पडलं त तुह्या नातवाचं नाव मी ठेवीन! काटा वर आला का मले सांग." मग सासू दोन्ही हातांनी घड्याळ धरून कोपऱ्यात बसायची, "बाई, आला वं वर!" म्हणत राहायची, आणि सुमन आपलं काम करायची. बाळ रडलं की हमखास त्या म्हाताऱ्यांच्या हातून घड्याळ सुटायचं. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडायचं आणि चालू राहायचं. तुमच्या घरातल्या फरशीवर एकदा जरी पडलं असतं, तरी तुकडे झाले असते. सिरॅमिकला ओरखडा पडत नाही, पण ते फुटतं. मातीने वाचवलं ते.

सुमनला मात्र मातीने वाचवलं नाही. दर पावसाळ्यात तिला हिवताप गाठायचा. शेवटची तीन वर्षं तर ताप उतरला की ती चंद्रपूरला माझ्याकडे यायची आणि आम्ही गोल बाजारात घड्याळवाल्याकडे जायचो, कारण पट्टा सैल होऊन कोपरापर्यंत घसरायचा. तो एक कडी काढून माझ्या तळहातावर ठेवायचा. शेवटच्या वेळी म्हणाला, "बाई, आनखी काढली त पट्टाच उरनार नाई." सुमन हसली. "मंग अंगठीत बसवून दे नं भाऊ!" मी हसले नाही. घरी येऊन ती कडी बटणांच्या डबीत टाकली. आधीच्या दोन तिथेच होत्या.

तिने बदली मागितली होती, अनेकदा. "तुमच्यासारखी बाई तिथे दुसरी मिळत नाही," असं सांगून प्रत्येक वेळी तिला परत पाठवलं. कौतुक करून माणसाला मरायला पाठवता येतं, हे मी माझ्या बहिणीच्या बाबतीत पाहिलं. नाल्यावर पूल मागितला, तेव्हाही तिचं कौतुकच झालं.

मग तिला परत पाठवणारे ते साहेबच सांत्वनाला आले. चहा घेताना त्यांची नजर टेबलावरच्या, शिपायाने आणून दिलेल्या घड्याळाकडे गेली. उचलून उजेडात धरलं. "सिरॅमिक ना, मॅडम? कमाल आहे, एक ओरखडा नाही. बाईंनी जपलं हो!"

"जपलं नाही, रोज वापरलं," मी म्हटलं. "ओरखडे कुठे पडले ते बघायचं होतं, तर ती जिवंत असताना यायचं होतं."

त्यांनी कप अर्धा ठेवला आणि गेले. मला वाईट वाटलेलं नाही.

त्या रागातच मी भिंग घेऊन घड्याळ तपासलं. तिची एखादी तरी खूण सापडेल म्हणून... काही नाही. इतकी वर्षं तिच्या अंगाला होतं आणि तिचं काहीच ठेवून घेतलं नाही त्याने. आजही दुकानातून आल्यासारखं चकचकतं आहे. ते मला आपटावंसं वाटलं, माझ्या घरातही फरशीच आहे.

मागच्या आठवड्यात सुमनची पेटी घेऊन तिच्या जागी आलेली नर्स आली. मनीषा, चोविशीची पोर, गाव सिरोंच्याकडचं. पहिला ताप येऊन गेलेला. मी तिला घड्याळ हातात दिलं, तिने सहज घातलं आणि पट्टा खट्कन बसला. माझ्या हाताला ते येत नाही, सई, तुझ्याही येणार नाही. या पोरीला अगदी बरोबर आलं. सुमनच्या शेवटच्या वर्षीच्या मनगटाइतकं बरोबर.

"ताई, मले नोको जी, एवढं महागाचं," ती काढायला लागली.

"राहू दे. सासवांच्या हातात द्यायला लागेल तुला," मी म्हटलं. "पण दर पावसाळा संपला की इकडे यायचं. घड्याळवाल्याकडे जाऊ. कडी काढायला नाही, घालायला."

तर सई, घड्याळ तुला मिळणार नाही. बाबांना सांग, त्यांनी दिलेली वस्तू कामात आहे. पूल आणि बदली यांच्यासाठी मी आता अर्ज लिहिते आहे, मनीषाच्या नावाने, आणि कौतुकाचं उत्तर मी घेणार नाही. लिहिताना बटणांची डबी समोर उघडी आहे. तीन पांढऱ्या कड्या, एकही ओरखडा नसलेल्या. सुमनची तेवढी झीज माझ्याकडे आहे, आणि ती मला त्या पोरीच्या हातावर परत घालायची आहे.