सतरा नंबरची हजेरी

कोरोनात कारखाना बंद पडला. तिथे मी बावीस वर्षं शाळेच्या गणवेशांची कटिंग केली होती. नंतर एका संस्थेने मला बायकांना मोबाईलवरून शिवणकाम शिकवायचं काम दिलं. तीस दिवस, रोज अकरा ते एक, सव्वीस बायका. चोवीस दिवस हजेरी भरली तर प्रमाणपत्र, हा नियम मीच घातलेला.

कॅमेरा बहुतेकींचा बंद. सोलापुरातल्या माझ्या खोलीत मी भिंतीकडे तोंड करून बोलायचो. बायको म्हणायची, "भिंत तरी शिकली का काही?" म्हणून मी युक्ती काढली. दर दहा मिनिटांनी थांबायचं आणि सगळ्यांनी आपापला हजेरी नंबर चॅटमध्ये टाकायचा. दोनदा चुकला की त्या दिवशी गैरहजर. मला या युक्तीचा अभिमान होता. माझ्या वर्गात कोणी पेंगत नाही, असं मी सांगत फिरायचो.

सतरा नंबरची बाई टेंभुर्णीच्या पलीकडच्या वस्तीवरची. टेंभुर्णीत गणवेश शिवणारं एक युनिट प्रमाणपत्र दाखवलं की कामाला घेणार होतं. तिचा नंबर रोज सगळ्यांच्या आधी यायचा.

एकोणतिसाव्या दिवशी कॉलर शिकवत होतो. मध्येच थांबून विचारलं, "छाती छत्तीस, तर चौथा भाग किती?" सगळ्यांनी नऊ टाकलं. सतरा नंबरने टाकलं, सतरा.

कोणीतरी हसलं. मी म्हणालो, "सतरा नंबर, माइक चालू करा."

बराच वेळ खडखड झाली. मग एका म्हातारीचा आवाज आला. "मास्तर, सून खुरपायला गेली हाय. मी तिची सासू. तुमी बोलायचं थांबला की एक आन सात दाबायचं, येवढं सांगून गेलीया."

आता सगळ्याच हसल्या. मी हसलो नाही. "असं किती दिवस?"

"आजचा धरून सात."

"नक्की?"

"मोजल्यात की. खोटं कशाला बोलू?"

तिसाव्या दिवशी सून स्वतः आली. म्हणाली, "सर, आत्याबाई रोज संध्याकाळी मला सगळं सांगत्यात. तुमचा आकडा न् आकडा."

मी म्हणालो, "हजेरी सांगण्यावर होत नाही, ताई."

तिने "बरं" म्हटलं आणि माइक बंद केला.

तीसमधून सात गेले, तेवीस. म्हातारी सहा म्हणाली असती तर चोवीस भरले असते. माझ्याकडे पडताळायला दुसरं काहीच नव्हतं. तिच्या खरेपणावरच मी सुनेचं नाव खोडलं आणि पंचवीस नावांची यादी सही करून पाठवली.

शेवटी प्रत्येकीने एक नमुना शिवून पाठवायचा होता. चार दिवसांनी टपालाने तिचाही आला. शाळेचा पांढरा शर्ट. आतून दोऱ्याने सतराचा आकडा काढलेला. मी टेप लावली. बाहीचा मुंढा बरोबर, खांदा बरोबर. मग कॉलर पाहिली. ती शिकवली त्या दिवशी सून रानात होती, एवढं तरी मला पक्कं ठाऊक होतं. दोन्ही टोकं सारखी. सुताचा फरक नाही. वर्गातल्या पंचवीसजणींपैकी इतकी नेमकी कॉलर कोणाचीच नव्हती. अक्षर न येणाऱ्या म्हातारीने ऐकलेली, तोंडपाठ करून सांगितलेली कॉलर.

संस्थेला फोन केला. यादी पुढे गेली होती, आता बदलत नाही म्हणाले. नियम माझाच होता, त्यांनी मलाच ऐकवला.

मग वस्तीवर फोन लावला. सासूने उचलला. शर्ट चांगला झालाय, एवढं मी बोललो.

"व्हय, हात चांगलाय तिचा," म्हातारी म्हणाली. "युनिटवाल्यांनी दुसरी घेतली. ही खुरपायलाच जाती."

मी शर्टाची कॉलर बोटांनी सरळ करत राहिलो.

"गप का झाला, मास्तर?" ती म्हणाली. "सतरा दाबू का?"

मी अजून शिकवतो. दहा मिनिटांनी थांबतो, पण नंबर मागत नाही. कोणाला काही विचारायचंय का, एवढंच म्हणतो. बहुतेकदा कोणीच बोलत नाही. तो शर्ट माझ्या कपाटात आहे. परत पाठवायला हवा. अजून पाठवलेला नाही.