सासऱ्यांचा जीव वाचवला त्याची गोष्ट

माझ्या सासऱ्यांचा जीव मी एकदा वाचवला, आणि त्याबद्दल सासुरवाडीनं मला अजून माफ केलेलं नाही.

याला कारण सरकार. पैठणच्या धरणाचं पाणी सुटलं की आमच्या शहागडला गोदावरी अंगावर येते. म्हणून बुडणाऱ्यांना काढायला पाणबुड्यांचं पथक करायचं ठरलं. (मी चालायच्या आधी पोहायला लागलो, असं आई सांगायची.) सगळ्यात आधी नाव दिलं मी. तर शिकवायला आलेले सर म्हणाले, "आधी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र. तोवर पाण्यात पाय घालायचा नाही."

"सर, म्या माणसं काढली नदीतून. म्हशी काढल्या."

"काढल्यावर काय केलं?"

"म्हशीचं?"

"माणसाचं."

"पालथं घालून पाठीत बुक्क्या हाणल्या. आन काय."

सरांनी कपाळाला हात लावला आणि मला एका रबरी बाहुल्यापुढे बसवलं. त्याला ना हात, ना पाय. हाक मारा, श्वास बघा, छाती दाबा, नाक धरून तोंडानं हवा भरा. भर पुरात उडी घेणारा गडी मी, आणि कोरड्या सतरंजीवर रबराचे मुके घेत बसलो! वर सर दर वेळी म्हणणार, "मेला तुमचा पेशंट." उद्या परीक्षा.

दुपारी तणतणत घरी आलो. धावड्याहून सासरे आले होते आणि जेवून खाटेवर कुशीला पडले होते. तोंड उघडं, डोळे अर्धे उघडे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. ते असेच झोपतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका कानानं ठार बहिरे आहेत आणि चांगला कान उशीत आहे, हेही नाही.

"मामा," मी हाक मारली. हूं नाही की चूं नाही. नाकाशी कान नेला, तर पंख्याच्या खडखडाटात काही कळेना.

छाती दाबायला खाली टणक पाहिजे, एवढं बराबर पाठ होतं. मामांना काखेत धरून फरशीवर ओढलं आणि दाबायला लागलो. मामा कण्हले. जीव परत येऊन राह्यला असं वाटून मी नाक धरलं, तोंडाला तोंड लावून हवा भरली. मामांनी ती सगळ्या ताकदीनं परत केली. सोबत गालातली तंबाखूही.

ती थेट माझ्या घशात. श्वास बंद, डोळे पांढरे. मामांनीच मला पालथं घातलं आणि पाठीत बुक्क्या हाणायला सुरुवात केली. तेवढ्यात बायको, सुनंदा, धावत आली आणि वडिलांना म्हणाली,

"दादा, काय केलं यांनी?"

"मला काय इचारती? झोपेत खाली ओढून नाक दाबलं तुह्या नवऱ्यानं. वरून मुका घेतला."

तंबाखू एकदाची बाहेर पडली. "मामा, तुमी बेशुद्ध व्हते," मी खोकत म्हणालो.

"झोपल्तो मी."

"हाक मारली की तुमाला."

"मंग? झोपलेला मानूस ओ देतो का?"

आता बोला! माणूस मरतोय म्हणून धावावं, आणि शेजारपाजाऱ्यांनी दारात उभं राहून म्हणावं, जावयानं सासऱ्यावर हात टाकला! धावड्याला ही बातमी मामांच्या एसटीआधी पोचली.

दुसऱ्या दिवशी परीक्षेत मी बाहुल्याला इतक्या हाका मारल्या, की सर म्हणाले, "पुरे. रबराचा आहे तो." पास झालो. पथकातही गेलो.

मामा पुढंही येत राहिले, पण आमच्याकडं आडवे म्हणून झाले नाहीत. खुर्चीतच डुलकी घ्यायचे, आणि मी घरात पाऊल टाकलं की डोळे न उघडता म्हणायचे, "जित्ता हाये, जावईबापू. हात लावू नका."