डांगराच्या सात बिया

सांगा बरं, विश्वास कुणावर ठेवावा? बियांवर, की बी विकणाऱ्यावर? शहागंजात आमचं बियाण्याचं दुकान. पोलिस ॲक्शननंतर पांगलेले लोक गावी परतले, नव्यानं वेल लावू लागले, अन् किस्से इतके साठले की ठेवायला पोती पुरेनात!

माघातल्या गारठ्यात डांगराचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, बी शेतात उगवत नाही. घरातच उबेला रुजवावं लागतं. हे मी शाळेत कुठं शिकलो? पहिल्या वर्षी बी चार दिवस तांब्यात बुडवून ठेवलं. सगळं सडलं! शेजारचे हमीदभाई टेलर नाक दाबून म्हणाले, "शेठ, ये बीज है के अचार?"

मग आमच्या मंडळींनी कारभार हाती घेतला. ओल्या फडक्यात वीस बिया बांधल्या अन् पुरचुंडी कमरेला खोचली. अंगाच्या उबेनं बी लवकर फुटतं म्हणे. आई ओरडली, "अगं, अशी हळू का चालतीस?"

"पोटाशी वीस लेकरं हायेत, आत्याबाई!"

हमीदभाईंनाही नाद लागला. पळसाच्या पानांच्या द्रोणांत लावलेली आमची दोन रोपं त्यांनी शिलाई मशीनजवळ ठेवली. थंडी लांबली, रोपं तिथंच वाढली. एका दुपारी मशीन थांबलेली, ऊन कापडांवर पेंगत पडलेलं. बघतो तर वेलाच्या एका तणाव्यानं मापाच्या टेपला विळखा घातलेला! मी सोडवायला गेलो, तर हमीदभाई कुजबुजले, "छेडो नक्को शेठ, अपना नाप ले रा!"

अन् फर्दापूरकडच्या रखमाबाई. ॲक्शनच्या धामधुमीत गाव सोडून पळाल्या तेव्हा आईच्या वेलाच्या सात बिया तेवढ्या पदराच्या गाठीत राहिल्या. बाकी काही उरलं नाही. "भाऊ, या तुमच्या हवाली, रुजवून द्या," म्हणाल्या.

पाच उगवल्या, दोन सडल्या. मला सांगायचा धीर होईना. दुकानातली दोन रोपं मिसळून मी सात द्रोण मांडून ठेवले.

रखमाबाई आल्या. पानापानावरून बोट फिरवलं. त्यांच्या डांगराच्या पानावर पांढरे ठिपके, जणू दूध शिंपडलेलं. दोन रोपांवर बोट थांबलं. ती नुसतीच हिरवी!

मी मान खाली घातली. त्यांनी सातही द्रोण हलकेच पाटीत ठेवले.

"पाच माझ्या आईची, दोन पाव्हणी. पाव्हण्यांलाबी जागा हाय. पर गेल्या त्यांला गेल्या म्हणावं, भाऊ. एवढा हिशेब खरा ठेवा."