शंकोबाला आलेला निरोप

लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्याला सगळे शंकोबा म्हणत, आणि ते काही लाडाचं नाव नव्हतं. बायकोने चहात साखर जरा जास्त घातली तरी तो विचारायचा, "आज काय मागायचंय?" असा माणूस देवाने निरोप्या म्हणून निवडावा, म्हणजे देवाच्याही धाडसाची कमाल आहे!

एका सकाळी तो शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होता, तेव्हा अगदी कानाशी आवाज आला. "भावाकडे जा. त्याला सांग, घाबरू नकोस, तू एकटा नाहीस."

त्याने आधी इस्त्री बंद केली. मग कपाटामागे पाहिलं, रेडिओची वायर तपासली, कपडे धुणाऱ्या बाईला दटावलं. तिने कानांवर हात ठेवले.

धाकट्या भावाशी त्याचं आई गेल्यापासून बोलणं नव्हतं. आईच्या बांगड्या सापडेनात, तेव्हा शंकोबाने चारचौघांत त्याच्याकडे बोट दाखवलं होतं. बांगड्या कुठे गेल्या ते आजवर कळलेलं नाही. देवाने भावाला चार शिव्या हासडायला पाठवलं असतं, तर शंकोबा अनवाणी धावला असता. पण धीर द्यायचा? आणि तोही त्याने? त्याचं डोकंच फिरलं.

घरी येऊन त्याने बायकोला धारेवर धरलं. "हे तुझंच कारस्थान ना?"

"मला दुसरे उद्योग नाहीत का?"

मग त्याने देवाचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. लाँड्रीच्या बंद खोलीत ओली चादर टांगली. जेवून येईतो सुकली तर जाईन. चादर खडखडीत वाळली. त्याने पत्र्याच्या छपराला दोष दिला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीच्या टेबलाशेजारी चादर टांगली आणि ती ओलीच राहावी अशी अट घातली. ती ओलीच राहिली. त्याने गळक्या नळावर संशय घेतला.

बायको बायबलातला जुना करार वाचणारी होती. ती हसली. "असे नाखूश निरोपे त्यात पुष्कळ आहेत. एक म्हणाला, मला बोलताच येत नाही. एक जहाजात बसून उलट्या दिशेला पळाला. एकाने तर लोकर उघड्यावर ठेवून तुमच्यासारखीच परीक्षा घेतली."

"मग?"

"मग काय, शेवटी सगळ्यांना जावंच लागलं."

खरं तर आवाजावरचा शंकोबाचा संशय केव्हाच विरला होता. भाऊ तोंडावर दार लावेल, याची त्याला भीती वाटत होती.

तरी गेला. दार भावानेच उघडलं. तो निम्मा झाला होता.

"आता काय हरवलं?" भावाने विचारलं.

शंकोबाने मान खाली घालून निरोप सांगितला. भाऊ दारातच खाली बसला. आतून भावजय धावत आली. "तुम्हाला कुणी सांगितलं? उद्या ह्यांच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आम्ही कुणालाच कळवलं नव्हतं."

"दादा, मला फार भीती वाटतेय रे," भाऊ म्हणाला. "आणि बांगड्या मी नव्हत्या घेतल्या."

"माहीत आहे," शंकोबा म्हणाला. पुरावा त्याच्याकडे आज नव्हता, तसा बोट दाखवलं त्या दिवशीही नव्हता. तो भावाशेजारी उंबऱ्यावर बसला, त्याचा थंड हात आपल्या हातात घेतला आणि दरडावून विचारलं, "डॉक्टर कोण आहे? नीट चौकशी केलीस का त्याची?"