सातव्या नळीचे वजन

प्रयोगशाळेत शिरताच आप्पासर प्रथम कोळसा भरलेल्या काचनळीला कान लावत. घाटनांदूरच्या दुकानदार घराण्यातले हे रसायनशास्त्राचे प्राध्यापक केजच्या महाविद्यालयात माझे ज्येष्ठ सहकारी होते. शिपाई मारुती विचारी, "आप्पा, काय म्हणतोय कोळसा?" ते गंभीरपणे सांगत, "भूक लागली म्हणतोय. तुज्यासारकाच हाय, सकाळी खाल्लेलं ध्यानात ठेवत न्हाई."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांत हायड्रोजन साठवता येईल, अशी वृत्ते नियतकालिकांतून येऊ लागली होती. तशा नळ्या आमच्याकडे कुठून येणार? आप्पासरांनी साधा कोळसा घेतला. त्यातही डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रे असतात. निकेलच्या क्षारात भिजवून तो बंद भट्टीत तापवला, की धातूचे कण छिद्रांच्या तोंडाशी बसतात. हायड्रोजनचे अणू जोडीने वावरतात. निकेल ती जोडी फोडते आणि सुटे अणू आत शिरतात. "निकेल म्हंजी दारावरचा माणूस," ते म्हणत, "एकेकाला आत सोडतो." आणि प्रत्येक तुकडीला बजावत, "कोळशाला आदी उपाशी ठेवा. मग काहीच न देता तोला. मगच जेवू घाला." म्हणजे, तापवून छिद्रे रिकामी करावीत, मग वायू न सोडता तीच कृती करून पाहावी, वाढलेले वजन वायूचेच की आणखी कशाचे, हे त्यामुळेच कळते.

सहा नमुन्यांचे वजन जवळजवळ वाढलेच नाही. सातवा कोळसा बाभळीचा होता. आप्पासरांच्या समाजात मृतांना भूमीत ठेवतात. शेतात पत्नीच्या समाधीशेजारी वाढलेली ती बाभूळ वादळात उन्मळली होती. त्या नळीचे वजन मात्र चांगलेच वाढले. सेवानिवृत्तीला वर्ष उरले होते आणि त्यांचा सारा प्रबंध या एका नळीवर उभा होता.

ऑगस्टमधल्या एका दुपारी त्यांनी मला काचपेटीतल्या तराजूपुढे बसवले. बूच काढलेली नळी पारड्यात होती. कोणी हलत नव्हते, वारा नव्हता. तरी काटा सरकत होता. तो थांबे आणि पुन्हा, आतून कोणी ओढल्यासारखा, नळीच्या बाजूला झुके.

"बगा मास्तर," आप्पासर हळू म्हणाले, "ती बी अशीच. बोलायची कमी, आत लई घ्यायची."

मी विचारले, "सर, काहीच न देता तोललीत का ही?"

"न्हाई."

"का बरं?"

"शेवटचे दोन महिने तिच्या पोटात अन्न ठरलं न्हाई. हिला उपाशी तोलायचं जिवावर आलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातांनी नळी तापवली, वायूचे उपकरण बंद ठेवले आणि तोलायला बसले. काटा सरकला, आदल्या दिवशीइतकाच. सहा नमुने भर उन्हाळ्यात तोलले होते, हा पावसाळी हवेत. कोळसा हवेतला ओलावा पीत होता. मी हे सांगण्यापूर्वीच त्यांनी वहीत लिहिले होते, 'सातवा नमुना बाद. चूक माझी.'

"कोळसा खोटं न्हाई बोलला," ते म्हणाले. "आमीच त्याला इचारलं न्हाई."

प्रबंध अपुरा राहिला. निवृत्तीनंतर दोन वर्षांनी ते गेले. त्याच शेतात, पत्नीशेजारी त्यांना समाधीत बसवले. त्यांच्या मुलाने ती नळी मला आणून दिली. तिचे तोंड आप्पासरांनी स्वतः लाखेने हवाबंद केले होते.

दरवर्षी मी ती दोनदा तोलतो, उन्हाळ्यात आणि श्रावणात. लाखेला तडा नाही, हे भिंगातून पाहून घेतो. श्रावणात वजन किंचित वाढलेले असते, आणि पुढच्या उन्हाळ्यात ते उतरत नाही. कारणाच्या रकान्यात मी 'ओलावा' असे लिहितो.

कान मात्र लावत नाही.