आत्याचा नेम

आत्याचा रेकॉर्ड मी मोडला. तिच्याच मोबाईलवर, तिच्याच खाटेवर आडवा पडून, ती मागच्या पडवीत सुनेकडून डोक्याला तेल लावून घेत असताना. आणि मोडल्यावर घरभर ओरडून सांगितलंही.

सुमनआत्या, म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण, जाऊन आता सहा आठवडे झाले. सकाळी तिनं बाजाराची टोपली भरली, सुनेकडे चहा मागितला आणि चहा येईपर्यंत भिंतीला टेकल्या टेकल्या गेली. तिच्या मुलाचा, प्रदीपचा फोन आला तेव्हा मी खोपोलीत कंपनीच्या कँटीनमध्ये दुसऱ्यांदा पोहे वाढून घेत होतो. "सुन्या, आई गेली रं," एवढंच तो बोलला. मी म्हणालो, "नीट बघ, डोळा लागला असेल." आई त्याची, समोर तो बसलेला, आणि शिकवतोय मी! पण मला खरंच वाटेना. आदल्या रविवारी तिनं मला लिंबू फेकून मारलं होतं, आणि ते बरोबर कपाळावर बसलं होतं.

तिचा नेम कर्जतच्या बाजारात तीस वर्षं गाजलेला होता. भाजी तोलून झाली की वरची दोन लिंबं, आल्याचा तुकडा, मिरच्यांची मूठ ती कधी हातात द्यायची नाही. बसल्या जागेवरून फेकायची. गिऱ्हाईक चार हात लांब जाऊन दुसऱ्या भाजीवालीशी बोलत उभं असलं तरी लिंबू त्याच्या पिशवीत. लहानपणी मी तिच्याशेजारी बसून हा प्रयोग केला होता. माझा टोमॅटो एका बाईंच्या पांढऱ्या साडीवर फुटला आणि आत्यानं मला त्या दिवसापासून फक्त कोथिंबीर निवडायला ठेवलं.

मग दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. पाय महिन्याभरात सुधारला, उजवा हात मात्र सुधारेना. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला, तो आत्यानं दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या कुत्र्याला दिला. "नुसतं दाबत काय बसायचं? जातोय का तो कुठं?" तेव्हा मी, आयुष्यात एकदाच, शहाणपणाचं काम केलं. तिच्या मोबाईलमध्ये बास्केटबॉलचा एक गेम टाकून दिला.

गेम अगदी साधा. खाली चेंडू, वर रिंग. बोटानं चेंडू वर ढकलायचा. रिंगमधून गेला तर एक गुण, हुकला तर खेळ खलास, पुन्हा शून्यापासून. दहा झाले की रिंग डावीउजवीकडे सरकायला लागते, तीस झाले की पळायलाच लागते. मोबाईल लक्षात ठेवतो तो फक्त आजवरचा सगळ्यात मोठा आकडा. तो कुणी केला, कुठल्या हातानं केला, याच्याशी त्याला देणंघेणं नाही... हे शेवटचं वाक्य मला आधी सुचलं असतं तर पुढचं सगळं टळलं असतं.

पहिला महिना आत्याचा आकडा तीनच्या वर गेला नाही. बोट उचललं जायचं नाही, उचललं तर थरथरायचं. पण डाव्या हातानं एकदाही खेळली नाही. ती खेळत होती ते बाजारात परत बसायला. आणि प्रदीपला ते नको होतं. तो वाईट मुलगा नाही, घाबरलेला मुलगा होता. तिथं एकटी असताना पुन्हा झटका आला तर? रोजची भांडणं टाळायला एकदा तो बोलून गेला, "उजव्या हातानं चाळीस कर, मग जा बाजारात." चाळीस तिच्यानं व्हायचे नाहीत, हा त्याचा हिशोब. तीन महिन्यांनी एका रविवारी सकाळी, प्रदीप कामावर असताना, आत्यानं एकेचाळीस केले. सून संगीता साक्षीला होती, पण आत्याला साक्ष नको होती. संध्याकाळी मुलाला मोबाईलवरचा आकडा दाखवायचा होता. पडवीत बसून ती त्याच आनंदात तेल लावून घेत होती... आणि दुपारच्या जेवणाला टपकलेला हा भाचा आत खाटेवर लोळत बसला. हाताला चाळा म्हणून मोबाईल उचलला आणि जन्मात कधी न जमलेले त्रेसष्ट केले.

"आत्या, त्रेसष्ट! तुझा रेकॉर्ड मोडला बघ!"

पडवीतून संगीतावहिनी तेलाच्या हातानं धावत आली, आकडा बघितला आणि तिथंच खाली बसली. "भाऊजी... काय केलंत ओ हे?"

संध्याकाळी प्रदीपनं सगळं ऐकून घेतलं आणि कायदा काढला. "मोबाईलवर एकेचाळीस कुठं हाय? त्रेसष्ट हाय, आनि तो सुन्याचा हाय. तो मोड, मग बोलू." मी म्हणालो, अरे चूक माझी आहे, तिला कशाला शिक्षा? वहिनीही बोलली. पण आत्यानं हात वर केला. उजवा. "गप बसा रं दोघं. मोडते की. सुन्याचा रेकॉर्ड मोडायला काय डोंगर चढायचाय?"

पुढचे पाच आठवडे त्या घरात दुसरा विषय नव्हता. मी खोपोलीहून रोज फोन करून आकडा विचारायचो. बावीस. छत्तीस. पुन्हा नऊ. एकोणपन्नास! बोटाला घाम येतो म्हणून ती भाकरीच्या पिठात बोट बुडवून खेळायची, मोबाईल नेहमी पांढरा. रिंग पळायला लागली की चुकायची. एक दिवस तिचाच फोन आला. आवाजात असा उत्साह की मी गाडी बाजूला घेतली. "सुन्या, सापडलं! मी रिंगकडं बघत होते, तेच चुकत होतं. गिऱ्हाईक काय एका जागी उभं ऱ्हातं का? पिशवी कुठं हाय ते नाय बघायचं रं, कुठं जानार हाय ते बघायचं!"

त्या रविवारी जेवणं झाल्यावर तिनं प्रदीपला समोर बसवलं. "मोज. मोठ्यानं मोज." वहिनीनं मला कोपऱ्यात पाटावर बसवलं. "भाऊजी, दोन्ही हात मांडीखाली घ्या आनि बसा त्याच्यावर." मी बसलो. दहा, वीस, तीस... प्रदीप सातबारा वाचावा तसा मोजत होता. चाळीसला त्याचा आवाज बदलला. पन्नासला तो गुडघ्यावर आला. सत्तावन्नला मोबाईलवर कुणाचा तरी कॉल आला, चेंडू अधांतरी थांबला, माझे हात मांडीखालून निम्मे बाहेर आले आणि वहिनी किंचाळली, "हात!" आत्यानं शांतपणे कॉल कापला, बोट पिठात बुडवलं. अठ्ठावन्न. साठ. बासष्टला चेंडू रिंगच्या कडेवर दोनदा नाचला, आम्हा चौघांचे श्वास त्याच्याबरोबर, आणि आत पडला. "आई, डावीकडं चालली, डावीकडं!" ज्याला ती हरायला हवी होती तोच सगळ्यात मोठ्यानं ओरडत होता. आत्या म्हणाली, "वरडू नको रं, गिऱ्हाईक पळंल."

चौसष्ट झाले तेव्हा प्रदीपनं मोजणं सोडून डोळे पुसायला घेतले. पुढचं मी मोजलं. ती थांबलीच नाही. ऐंशी, शंभर... एकशे अठराला तिला शिंक आली म्हणून खेळ संपला. प्रदीपनं तिचा तो पिठानं माखलेला हात दोन्ही हातांत धरला. "जा बाई," तो म्हणाला. "उद्यापास्नं जा."

सोमवारी त्यानं स्वतः टोपली टेंपोत चढवली. मी रजा टाकून बघायला गेलो होतो. आत्यानं फेकलेलं पहिलं लिंबू पिशवीत न जाता एका मास्तरांच्या चपलेवर पडलं. "पिशवी हलली," आत्या म्हणाली. दुसरं आत गेलं. सात महिने ती रोज बसली, आणि शेवटच्या सकाळीसुद्धा बाजारालाच निघाली होती. प्रदीप म्हणतो, अडवून धरलं असतं तर ती अजून असती की नाही ते माहीत नाही, पण असती ती आई नसती.

आत्याच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आलेले पाहुणे जेवून गेले. तिच्या खोलीत खिडकीच्या फळीवर मोबाईल होता. वहिनी अजून रोज तो चार्ज करते. मी गेम उघडला. एकशे अठरा. काचेच्या कडेला थोडं पीठ अजून होतं... माझं बोट चेंडूवर गेलं आणि मी दचकून मागं घेतलं. पुन्हा तेच पाप? मी वहिनीला हाक मारली आणि अतिशय गंभीरपणे सांगितलं, हा मोबाईल कपाटात कुलपात ठेव, माझ्यासारख्याच्या हातात चुकून गेला आणि चुकून जास्त झाले तर आत्याचा आकडा कायमचा जाईल.

वहिनी ताटं पुसत होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मोबाईलकडे पाहिलं.

"कुलूप कशाला, भाऊजी? तुमच्याच हातात ऱ्हाऊ द्या. तिथं त्या रेकॉर्डला काय धोका नाय."