न छापलेली तीन पत्रं

मालन ठाण्याच्या कोळीवाड्यातली. हुशार, पण हट्ट असा की विचारू नका! वागळे इस्टेटमधल्या आमच्या छोट्या कंपनीत ती प्रोग्रॅमर, मी रिसेप्शनवर. अठ्ठ्याण्णव साल. अख्ख्या ऑफिसची इमेल एकाच कॉम्प्युटरवर यायची. मालनने त्या सॉफ्टवेअरला स्वतः लिहिलेला एक ॲड-ऑन, म्हणजे छोटासा पुरवणी प्रोग्रॅम, जोडलेला. मेल आली की सॉफ्टवेअरने ॲड-ऑनला कळवायचं, त्याने ती छापायची, मी कागद वाटायचे.

पण ते सॉफ्टवेअर एका मेलची वर्दी दोन-दोनदा द्यायचं. प्रत्येक कागद डबल! साहेब माझ्यावर ओरडायचे, मी मालनचं डोकं खायचे. "अगं बाई, आवर तुझं हे भूत!" शेवटी वैतागून तिने घाईत एक ओळ घातली: पाठवणारा तोच आणि विषयही तोच असेल, तर मेल छापलेलीच समजून सोडून द्यायची. कागद एकेकच येऊ लागले. मी खुशीत तिला वडापाव खिलवला.

त्याच महिन्यात तिने घरच्यांना न विचारता कोर्टात लग्न केलं. तिचे बाबा, दामाजी, मस्कतला फिटर. त्यांनी तिथल्या क्लार्ककडून मेल धाडली. विषयाच्या जागी 'श्री'. माथ्यावर श्री घातल्याशिवाय त्यांचं कुठलंच पत्र सुरू व्हायचं नाही. खाली एकच वाक्य: तू मला मेलीस.

"आता तेच लिहितील तेव्हा बोलेन," मालन म्हणाली. पण रोज माझ्या टेबलाशी यायची. "काही आलं गं?" मी नाही म्हणायचे. देवाशप्पथ, मी खोटं बोलत नव्हते.

डिसेंबरात दामाजी तिकडेच गेले, हार्ट अटॅकने. मालन रडली नाही. "मला मेलेली समजूनच गेला माझा बाप," एवढंच बोलली.

मार्चमध्ये एका गिऱ्हाइकाने बोंब मारली: जुन्याच विषयावर पाठवलेली त्याची दुसरी मेल आम्हाला मिळालीच नव्हती. मालन कामाला बसली. आता ॲड-ऑनने वर्दीवर विसंबायचं नाही, दर दहा मिनिटांनी सगळ्या मेल स्वतः तपासायच्या, आणि विषय न बघता प्रत्येक मेलच्या स्वतंत्र नंबरावर खूण ठेवायची. तिने तो चालू केला आणि आजवर राहिलेल्या मेल धडाधड छापून यायला लागल्या. त्यात तीन कागदांवर 'श्री' होतं.

पहिला जुलैचा. "रागात लिहून गेलो. जावई काय करतो?"

दुसरा ऑगस्टचा. "पोरी, एक ओळ तरी पाठव."

तिसरा दिवाळीच्या आधीचा. "यायचं तिकीट काढलेलं. तुझं उत्तर नाही, म्हणजे माझं तोंड बघायचं नसेल तुला. तिकीट रद्द केलं. सुखी रहा."

मालनने तिन्ही कागद शेजारी-शेजारी मांडले. "शेवंती, वेगवेगळी पत्रं होती गं! मी सगळी एकच समजले!" असा हंबरडा फोडला तिने, माझं काळीज फाटलं.

बऱ्याच वेळाने तिने ते कागद माझ्या हातात दिले.

"परत छाप. आईलाही हवीत."

मी तिन्ही पत्रं डबल छापली.